एका मशीनवर गेमचे चार क्लायंट: २५ हजारांत ग्राफिक्स कार्ड घेऊ की रॅम?

बामणघळ | ३ मे, रात्री १०:५०

नमस्कार मंडळी. दोन-तीन वर्षं नुसताच वाचनमात्र आहे, पहिलाच धागा काढतोय. चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

मी गुहागर तालुक्यात, हेदवीच्या जवळ राहतो. दिवसा दोन बागायतदारांचे हिशेब आणि मुंबईच्या एका ऑफिसचं डेटाचं काम, रात्री ईव्ह ऑनलाइन. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: हा आइसलंडच्या सीसीपीचा अवकाशातला गेम, २००३ पासून चालू आहे आणि चीन सोडलं तर सगळं जग एकाच सर्व्हरवर खेळतं. मी त्यात खाणकाम करतो. लघुग्रह फोडायचे, खनिज विकायचं. आई म्हणते, इथल्या जांभ्याच्या खाणी कमी पडल्या म्हणून आकाशात चाललास काय.

एका जहाजाने पोट भरत नाही. चार खाती आहेत: एक ओर्का, जी बाकीच्यांना बूस्ट देते आणि माल साठवते, आणि तीन बार्ज, म्हणजे खणणारी जहाजं. चारही एकदम चालवायची आहेत. सध्याची अवस्था अशी. दोन क्लायंट (क्लायंट म्हणजे एका खात्याची गेमची खिडकी) सुरळीत. तिसरा उघडला की सगळं अडखळायला लागतं, माऊस हलवला की दोन सेकंदांनी हलतो. चौथा लोडिंगचा पट्टा अर्ध्यावर आला की गपकन बंद. कधीकधी जाताना दुसऱ्यालाही घेऊन जातो.

मशीन: प्रोसेसर रायझन ५ २६००, बी४५० बोर्ड, ८ जीबी रॅमची एकच काडी, ग्राफिक्स कार्ड जीटीएक्स १०५० टीआय ४ जीबी, २४० जीबीची साटा एसएसडी (विंडोज ११), १ टीबी हार्डडिस्क (गेम इथे), ४५० वॅटचा एसएमपीएस (वीज पुरवणारा डबा). मॉनिटर २२ इंची, एकच.

चुलतभाऊ १६ तारखेला डोंबिवलीहून आंब्याला येतोय, येताना सामान आणेल. त्याचं म्हणणं, डोळे मिटून आरटीएक्स ३०६० घे. बजेट २५ हजार. काय करू?

अवांतर: अनवाणी असताना कॅबिनेटला हात लागला की झिणझिण्या येतात. त्याची आता सवय झालीय, पण अडखळण्याशी त्याचा संबंध असेल का?

पेठेतला_पंखा | ३ मे, रात्री ११:१५

२०१८ चा प्रोसेसर घेऊन चार क्लायंट? हे मशीन आता संग्रहालयात ठेवा. आठ कोअरचा नवा रायझन, ६४ जीबी डीडीआर५, वर बरंसं कार्ड. एकदाच खर्च करा आणि पुढची सात वर्षं बघू नका.

चाळकरी | ३ मे, रात्री ११:२२

पंखाशेठ, त्यांनी २५ हजार लिहिलंय. तुमच्या यादीत त्यात पंखाच येईल.

तरीवाला | ४ मे, सकाळी ७:०५

बामणघळ, मी पलीकडे दाभोळला. धोपाव्याची फेरीबोट पकडून येऊन बघितलं असतं, पण त्याआधी तूच जरा मोजमाप घे. मी स्वतः ईव्हचे पाच क्लायंट चालवतो, आणि पहिल्या वेळी तुझ्यासारखंच कार्डामागे लागून पैसे घालवले होते.

काहीही विकत घेण्याआधी एवढं कर. एक क्लायंट उघड, जहाज स्टेशनबाहेर काढ, पाच मिनिटं थांब. मग टास्क मॅनेजर उघडून चार आकडे कागदावर लिही. मेमरी किती वापरात. त्याच पानावर खाली ‘कमिटेड’ म्हणून दोन आकडे तिरप्या रेघेने दिलेले असतात, ते दोन्ही. जीपीयूच्या (ग्राफिक्स कार्डाच्या) पानावर डेडिकेटेड मेमरी किती. आणि डिस्क १ किती टक्के, म्हणजे हार्डडिस्क. मग दुसरा उघड, पुन्हा तेच. तिसरा, पुन्हा तेच. सीपीयूची टक्केवारीही लिही, पण तिच्यावर फार विसंबू नको. या गेमच्या क्लायंटचं बरंच काम एकाच थ्रेडवर चालतं. त्यामुळे बारा थ्रेडच्या चिपवर एक क्लायंट अडकून पडला तरी एकूण वापर दहा टक्क्यांच्या आसपासच दिसतो.

चौथा उघडून तो मरू दे. मरताना ‘कमिटेड’ किती होतं, तेवढं बघ.

देवगडचो_वायरमन | ४ मे, सकाळी ८:३०

बाबू, गेमचा माका काय कळणा नाय. पण कॅबिनेटाक हात लावल्यावर झिणझिण्या येतत आणि त्येची सवय झाली म्हणतंस, ता वाचून रव्हाक नाय.

आता सगळ्यांना कळेल असं लिहितो. एसएमपीएसच्या आत तोंडाशी फिल्टर असतो, त्यातले दोन बारीक कपॅसिटर फेज आणि न्यूट्रलला कॅबिनेटच्या पत्र्याशी जोडतात. अर्थिंग धड असेल तर तो गळका करंट मुकाट्याने जमिनीत जातो. नसेल तर पत्रा अधांतरी राहतो आणि त्यावर मेनच्या साधारण निम्मे व्होल्ट उभे राहतात. करंट अगदी थोडा असतो, म्हणून झिणझिण्यांवर भागतं. पण उद्या आत काही खरोखर शॉर्ट झालं तर तो कुठून जाणार? तुझ्यातून.

मल्टिमीटर एसीवर ठेव, चप्पल घाल, आणि सॉकेटमध्ये न्यूट्रल ते अर्थ मोज. दोन-तीन व्होल्टच्या आत हवेत. किती येतात ते इथे लिही. मीटर हाताळायची सवय नसेल तर गावातल्या वायरमनला बोलाव, लाजू नको.

निवृत्त_मास्तर | ४ मे, सकाळी ९:१०

एकाच माणसाने चार-चार खेळ एकदम खेळायचे, हे काही पटले नाही. आमच्या वेळी एका कॅरमभोवती चार जण बसत.

चाळकरी | ४ मे, सकाळी ९:१४

मास्तर +१. पण स्ट्रायकर एकाकडेच असायचा.

मालवणी_खाजा | ४ मे, दुपारी १:४०

मीही ईव्ह सुरू केलंय, फुकटचं खातं. एक शंका: चार क्लायंट चालवायला परवानगी आहे का? आणि एक बटण दाबलं की चारही जहाजं एकदम खणतील असं सॉफ्टवेअर मिळतं म्हणे, ते वापरलं तर?

तरीवाला | ४ मे, दुपारी २:२०

खाजा, बरं विचारलंस. अनेक खाती एकदम चालवायला सीसीपीची हरकत नाही, पण ती ओमेगा म्हणजे पैसे भरलेली हवीत. फुकटचं अल्फा खातं दुसऱ्या कुठल्याही खात्याबरोबर एकाच वेळी उघडता येत नाही. ओमेगासाठी खिशातूनच पैसे गेले पाहिजेत असं नाही, गेममध्ये कमावलेल्या पैशांतून प्लेक्स (वर्गणी भरायला चालणारं गेममधलं चलन) घेता येतात. ५०० प्लेक्सला महिनाभर ओमेगा. बामणघळची खाणावळ त्यावरच चालत असणार.

एका कळीने चारही क्लायंटना हुकूम देणं मात्र १ जानेवारी २०१५ पासून बंद आहे. वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट या दुसऱ्या गेमवाल्यांनीही नोव्हेंबर २०२० मध्ये तेच केलं. प्रत्येक खिडकीत स्वतः जाऊन क्लिक करायचं. असलं सॉफ्टवेअर घेतलंस तर खातं जाईल. नुसता खिडक्यांमध्ये पटकन उड्या मारायला ईव्ह-ओ प्रिव्ह्यू वापरतात. ते चालू क्लायंटची छोटी जिवंत चित्रं पडद्याच्या कडेला लावून देतं, बस.

मालवणी_खाजा | ४ मे, दुपारी २:३१

मग मी एकच जहाज चालवतंय. देव बरे करो.

बामणघळ | ५ मे, रात्री ९:५५

उशीर झाला. काल संध्याकाळी वळवाचा पाऊस आला, लाईट रात्री दोनला आली. हे आकडे.

एक क्लायंट: मेमरी ५.१ जीबी, कमिटेड ६.६/११.९, कार्डाची मेमरी १.३, डिस्क ८ टक्के.
दोन: ६.८, ९.०/११.९, २.३, डिस्क ३० टक्के.
तीन: ७.५, ११.३/११.९, ३.३, डिस्क १०० टक्के आणि तिथेच चिकटलेली. सीपीयू ३८ टक्के.
चौथा: ‘कमिटेड’ ११.८ झालं आणि गेला.

हार्डडिस्क एवढी कुरकुरत होती की आई विचारायला आली, उंदीर शिरला का.

न्यूट्रल ते अर्थ ८७ व्होल्ट.

देवगडचो_वायरमन | ५ मे, रात्री १०:०२

८७?! मशीन आत्ता बंद कर. बोलणं उद्या.

तरीवाला | ५ मे, रात्री १०:४०

काकांचं आधी ऐक. माझं त्यानंतर.

तुझ्या आकड्यांत उत्तर ढळढळीत दिसतंय. ८ जीबी रॅम असताना कमिटेडची मर्यादा ११.९ कशी? विंडोजला मोकळं सोडलं तर गरज पडेल तसं ते पेजफाईल (रॅम कमी पडली की वापरायची डिस्कवरची जागा) वाढवत नेतं. तुझी मर्यादा हलतच नाहीये. म्हणजे कधीतरी तू पेजफाईल हाताने ४ जीबीवर बांधून ठेवलीस, आणि डिस्क १ ची अवस्था बघता ती हार्डडिस्कवर आहे. खरं की नाही?

हे उधारीच्या वहीसारखं आहे. प्रोग्राम जागा मागतो, विंडोज वहीत ‘दिली’ म्हणून लिहितं. वहीची एकूण पत म्हणजे रॅम अधिक पेजफाईल. तिसऱ्या क्लायंटला तुझी पत ११.३ पर्यंत संपलेली, चौथ्याला हवेत अजून दोन-सव्वादोन. वाणी नाही म्हणतो, क्लायंट मरतो. यात ग्राफिक्स कार्डाचा काडीचा दोष नाही.

आणि अडखळण्याचं कारण वेगळं. रॅम ७.५ ला भरली की विंडोज जुनी पानं पेजफाईलवर टाकतं. ती फाईल फिरत्या हार्डडिस्कवर, गेमही त्याच डिस्कवर. एकच सुई दोन्हीकडे पळतेय. तुझ्या आईने ऐकला तो उंदीर तोच.

बामणघळ | ५ मे, रात्री ११:१०

दंडवत! दोन वर्षांपूर्वी एसएसडी भरत आली होती. एका व्हिडिओत सांगितलं होतं की पेजफाईल हार्डडिस्कवर हलवा आणि आकार पक्का करा, एसएसडीचं आयुष्य वाढतं. मीच केलं होतं. पार विसरलो होतो.

मशीन बंद केलंय, फोनवरून लिहितोय.

पेठेतला_पंखा | ६ मे, सकाळी १०:३०

रॅम मान्य. पण कार्डाची मेमरी तीन क्लायंटला ३.३ आहे, चौथ्याला ४ जीबी संपणार. म्हणजे कार्डही लागणारच. मी काय चुकीचं बोललो होतो?

तरीवाला | ६ मे, सकाळी ११:००

चुकीचं नाही, घाईचं. ३.३ हे सगळी सेटिंग वर ठेवून, पूर्ण आकाराच्या तीन खिडक्यांचं आहे. खाणकाम करणाऱ्या बार्जला दगडाचा पोत कशाला बघायचाय? टेक्स्चर आणि शेडर खाली आणले की भरपूर जागा सुटते. आधी फुकटचे उपाय, मग पैशांचे.

३०६० वाईट कार्ड नाही, १२ जीबी मेमरी आहे आणि दहा क्लायंट चालवणाऱ्याला मी तेच सांगेन. पण ते १७० वॅट खातं. तुझं १०५० टीआय ७५ वॅटच्या आत, बोर्डाच्या स्लॉटमधूनच भागवतं. त्या जुन्या ४५० वॅटच्या एसएमपीएसवर, वळवाच्या दिवसांत, ८७ व्होल्टच्या अर्थिंगवर? नको रे बाबा.

यादी छोटी आहे. १६ जीबीच्या दोन काड्यांचा एकच संच, डीडीआर४ ३२०० चा. जुनी ८ ची काढून ठेव, तिच्याबरोबर मिसळू नको. एका काडीवर मेमरीचा एकच मार्ग चालू असतो, २६६६ च्या काडीला सेकंदाला साधारण २१ जीबी. दोन लावल्या की दुप्पट. कार्ड तेच, प्रोसेसर तोच, तरी नुसत्या यानेच फरक जाणवेल. पुढे कधी प्रोसेसर कमी वाटला तर याच बोर्डात रायझन ५ ५६०० बसतो, सहा कोअर, ६५ वॅट. फक्त चिप बदलण्याआधी बायोस (बोर्डावरचं मूळ सॉफ्टवेअर) अपडेट करायचं, नंतर नाही, आणि ते करताना लाईट जाता कामा नये. आपल्याकडे म्हणजे यूपीएस असल्याशिवाय त्या मेनूत शिरूच नये.

चाळकरी | ६ मे, दुपारी १२:१५

भावाला लॅमिंग्टन रोडवर पाठवणार असाल तर एक सांगा. रॅमचे भाव हल्ली चढलेत, त्यामुळे ‘जुनी पण टेस्टेड’ काड्या गळ्यात मारायला लोक टपलेलेच असतात. सीलबंद संच, पक्कं बिल, वॉरंटी. आणि क्रिप्टोच्या खाणीत घासलेलं आरएक्स ५८० ‘फक्त घरगुती वापर’ म्हणून दाखवतील, त्याला दुरून नमस्कार.

निवृत्त_मास्तर | ६ मे, दुपारी ४:००

हे उधारीच्या वहीचे उदाहरण आवडले. आमच्या पेन्शनच्या कॉम्प्युटरलाही हाच आजार दिसतो. ‘कमिटेड’ कुठे बघायचे, जरा पुन्हा सांगाल का?

तरीवाला | ६ मे, दुपारी ४:१२

मास्तर, कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबा. डावीकडे किंवा वर परफॉर्मन्स, त्यात मेमरी. आलेखाच्या खाली.

देवगडचो_वायरमन | ६ मे, सायंकाळी ७:२०

आता अर्थिंग. बामणघळ, घर चिऱ्याचं असेल आणि खालीही जांभाच असेल. जांभा पावसात पाणी धरतो आणि मे महिन्यात खडखडीत होतो. जुन्या घरांत अर्थची तार दोन फुटांच्या सळीला बांधून दगडात रोवलेली असते. पावसाळ्यात चालते, उन्हाळ्यात नावापुरती. तुझी तार सळीपासून तुटलेली असण्याचीही शक्यता आहे. परवानाधारक वायरमन आण, मेन बंद करून आधी तार तपासायला सांग. मग नवा खड्डा. जागा विहिरीच्या किंवा न्हाणीघराच्या सांडपाण्याजवळची, जिथे माती वर्षभर ओली असते. कोळसा आणि मीठ थराथराने, मधे पाइप, वर फनेल. उन्हाळ्यात आठवड्यातून दोनदा त्यात बादलीभर पाणी ओतायचं. घरात आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) नसेल तर तोही लावून घे. २५ हजारांतले पहिले पैसे इथे घाल.

बामणघळ | ११ मे, रात्री ८:३०

काका, तुम्ही घरात येऊन बघितल्यासारखं लिहिलंत. पडवीच्या मागे, माडाच्या बुंध्याशी सळी होती. वायरमनने तार हाताने ओढली तर ती आलीच हातात. टोकाला तांबं राहिलंच नव्हतं, हिरवी भुकटी. समुद्र घरापासून अर्ध्या किलोमीटरवर, खाऱ्या हवेने खाऊन टाकली. किती वर्षं तशी होती देव जाणे, आणि फ्रिज, पंप सगळं त्याच भरवशावर.

नवा खड्डा न्हाणीच्या पाटाजवळ घेतला. अडीच-तीन फुटांवर जांभा लागला, पहारीने फोडायला दोन गड्यांना अख्खा दिवस लागला. आरसीसीबी बसवला. आज न्यूट्रल ते अर्थ १.४ व्होल्ट. कॅबिनेटला अनवाणी हात लावून बघितला. काही नाही. विचित्र वाटलं, ओळखीचं माणूस बोललं नाही तसं.

देवगडचो_वायरमन | ११ मे, रात्री ८:४१

झक्कास. पण अनवाणी हात लावून बघायची काय गरज होती रे मेल्या?

वाशिष्ठीकाठ | १२ मे, सकाळी ९:००

धाग्यावर एक भर. कॅबिनेट जमिनीवर असेल तर आत्ताच वर उचला. २२ जुलै २०२१ ला चिपळूणमध्ये आमच्या तळमजल्यावर पाणी शिरलं तेव्हा कॅबिनेट टेबलाखाली होतं. मॉनिटर वाचला, बाकीचं चिखलातून फावड्याने काढलं. त्यात बहिणीच्या प्रबंधाची एकुलती एक प्रत होती. मशीनचं दुःख आठवडाभर टिकलं, प्रबंधाचं अजून आहे.

पेठेतला_पंखा | १२ मे, सकाळी ११:४५

हे वाचून मी माझा बॅकअप चालू केला. आणि कबूल करतो, पुण्यात बसून अर्थिंगचा विचार मी जन्मात केला नसता.

बामणघळ | १७ मे, रात्री ११:५५

भाऊ आला. दोन पेट्या घेऊन गेला, रॅमचा संच देऊन गेला. संध्याकाळी बसवला आणि पडदा काळाच. पंखे फिरतायत, बाकी काही नाही. घामाघूम झालोय. जुनी काडी लावली तर चालतं.

तरीवाला | १८ मे, सकाळी ६:५०

कुठल्या स्लॉटमध्ये लावल्यास? चार असतील तर प्रोसेसरपासून मोजून दुसरा आणि चौथा. आणि स्लॉट कोरे पडले होते ना इतकी वर्षं? टॉर्च मारून आत बघ.

बामणघळ | १८ मे, रात्री १०:२०

पहिल्या आणि दुसऱ्यात लावल्या होत्या. सुटं दिसेल तिथे घुसवल्या. चौथ्या स्लॉटमध्ये कोळ्याचं जाळं आणि बारीक वाळूसारखं काहीतरी. मऊ ब्रशने झाडलं, हवेचा डबा मारला. नव्या काड्यांचे पाय खोडरबराने हलकेच पुसले (नव्याच होत्या, पण भाऊ त्या पेट्रोल पंपावर उघडून बघत आला होता). दोन्ही बाजूंनी टक्-टक् आवाज येईपर्यंत दाबल्या. चालू!

बायोसमध्ये ३२०० ची प्रोफाईल लावली तर तीनदा रीस्टार्ट होऊन परत मूळ पदावर आलं.

तरीवाला | १८ मे, रात्री १०:३५

२६०० चा मेमरी कंट्रोलर अधिकृतपणे २९३३ पर्यंतच आहे. ३२०० चा हट्ट सोड, हाताने २९३३ कर. एवढ्याशा फरकाने तुझा एकही दगड जास्त फुटणार नाही. मग रात्रभर मेमटेस्ट (रॅम तपासणारा प्रोग्राम) लावून झोप.

पेजफाईल हार्डडिस्कवरून काढून एसएसडीवर, आकार विंडोजवर सोपव. गेमही एसएसडीवर आण. जागा नसेल तर फोटो-व्हिडिओ हार्डडिस्कवर पाठव. चारही क्लायंट डिस्कवरचा एकच सामायिक साठा वापरतात, त्यामुळे चौपट जागा लागत नाही.

बामणघळ | २० मे, रात्री ११:३०

मेमटेस्ट पहिल्या रात्री पहाटे तीनला लाईट गेल्यामुळे अर्धवट, दुसऱ्या रात्री पूर्ण, शून्य चुका. एसएसडीवर भावाच्या लग्नाचा ७० जीबीचा व्हिडिओ होता, तो हलवला. लग्नाला सहा वर्षं झाली, बघितला कोणीच नाही.

आता चार क्लायंट: मेमरी १४.८, कमिटेड १७.२/३६.६, डिस्क १ शून्य. हार्डडिस्क आता गपगार आहे. चौथा क्लायंट उघडला तेव्हा सवयीने श्वास रोखून बसलो होतो.

पण पंखाशेठ म्हणाले तसं कार्डाची मेमरी ३.९ वर. स्टेशनमधून जहाज बाहेर काढताना सेकंदभर चिकटतं.

तरीवाला | २१ मे, सकाळी ७:१५

आता फुकटचे उपाय. लाँचरमध्ये बार्जसाठी वेगळं सेटिंग प्रोफाईल कर. त्यात टेक्स्चर खाली, शेडर खाली, सावल्या बंद, आणि खिडकीचा आकार लहान. ओर्काचं प्रोफाईल तसंच छान राहू दे, डोळ्यांना काहीतरी हवं.

मग एनव्हिडियाच्या कंट्रोल पॅनलमध्ये ‘बॅकग्राउंड ॲप्लिकेशन मॅक्स फ्रेम रेट’ २० वर. मागच्या तीन खिडक्या सेकंदाला साठ चित्रं कोणासाठी काढतायत? हा गेम मुळात सेकंदाला एकदाच हिशेब करतो, सर्व्हरचा ठोका एका सेकंदाचा आहे. म्हणून तर लंडनच्या सर्व्हरशी दीडशे मिलिसेकंदांवरून आपण कोकणात बसून सुखाने खेळतो. नेमबाजीच्या गेममध्ये एवढ्यात चारदा मेलो असतो.

आणखी एक कळ आहे: कंट्रोल, शिफ्ट, एफ९. त्या खिडकीतलं त्रिमिती दृश्य बंदच होतं, नुसत्या याद्या आणि बटणं उरतात. खाणकामाला तेवढं पुरतं.

देवगडचो_वायरमन | २१ मे, सकाळी ८:००

इन्व्हर्टरचं काय केलंस? घरचा जुना चौकोनी वेव्हचा असेल तर त्यावर कॉम्प्युटर लावू नको, हल्लीच्या एसएमपीएसला तो सोसत नाही. प्युअर साइन घे. १५० एएचची बारा व्होल्टची बॅटरी म्हणजे कागदावर १८०० वॅट-तास, त्यातले हाती हजार-अकराशे. तुझं मशीन, मॉनिटर आणि राउटर मिळून अडीचशे वॅट धर, चार तास निघतील. त्यावरचा बदलीचा स्विच यूपीएस मोडवर ठेव, नाहीतर लाईट जाताना मशीन रीस्टार्ट होईल. आणि गडगडायला लागलं की नेटची केबल आणि प्लग दोन्ही काढायचे. बॅटरीवर चालतंय म्हणून विजेला घाबरायचं नाही, असं होत नसतं.

बामणघळ | २४ मे, दुपारी ४:२०

शेवटचे आकडे. चार क्लायंट, कार्डाची मेमरी २.७, सीपीयू ४४ टक्के, भिंतीवरच्या मीटरवर मॉनिटरसकट १६०-१७० वॅट. काल सलग तीन तास चालले, एकदाही अडखळलं नाही. ग्राफिक्स कार्ड घेतलं नाही. रॅम, अर्थिंग आणि आरसीसीबी मिळून बजेटमधून थोडे उरलेत, ते इन्व्हर्टरच्या डब्यात टाकले. कॅबिनेट टेबलावर आलंय, वाशिष्ठीकाठ यांच्या कृपेने.

एकच नुकसान. परवा नारळाची झावळी पडून फायबर तुटली, तेवढ्यात गेममधल्या दरोडेखोरांनी माझे दोन बार्ज फोडले. त्याला रॅम काही करू शकत नाही.

पेठेतला_पंखा | २४ मे, दुपारी ४:२४

फोनचं हॉटस्पॉट तयार ठेवत जा. बाकी मानलं. वाचनखूण साठवली आहे.

मालवणी_खाजा | २४ मे, दुपारी ४:२६

बामणघळ, आज रात्री आहात का ऑनलाइन? माझं एक जहाज तुमच्या ताफ्यात घ्या ना.

बामणघळ | २४ मे, दुपारी ४:२९

घेतो की, नऊनंतर ये. आता मी निघालो. रोज साडेचारला सर्व्हर देखभालीसाठी बंद होतो, आइसलंडचे सकाळचे अकरा. हे आईलाही पाठ झालंय, त्यामुळे अंगणातली कोकमं आत घ्यायची हाक बरोबर याच वेळी येते. आणि आज तर पश्चिमेकडून ढगही चढलेत, प्लग काढून जातो.